घरातलं घरातच

वकीलसाहेबांचा क्लाउडवर काडीचा विश्वास नव्हता. “आपली गुपितं परक्याच्या कपाटात ठेवायची आणि वर किल्लीही त्यालाच द्यायची? धन्य आहात!” असं ते कोर्टात भेटेल त्याला सुनवायचे. दोन रविवार डोकं लढवून त्यांनी आपला फोन थेट घरच्या कॉम्प्युटरला जोडला. फोनवर लिहिलेलं टिपण कॉम्प्युटरवर उतरायचं, कॉम्प्युटरवर बदललेलं फोनवर यायचं. उंबऱ्याबाहेर एक अक्षर जात नव्हतं.

त्याच कॉम्प्युटरवर बायको दिवसभर एका प्रकाशकाची प्रुफं तपासत बसायची. पण ‘तिला यातलं काय कळतंय’ म्हणून साहेब निर्धास्त!

आज सकाळीच पडद्यांच्या रंगावरून दोघांची जुंपली. साहेबांनी बेडरूमचं दार आपटून लावलं आणि फोनवर दात-ओठ खात टिपण लिहिलं, ‘माझी बायको मुर्ख आहे.’ तेव्हा कुठे जिवाला थंडावा मिळाला. मग आंघोळ उरकून आले, फोन उघडला, तर टिपणाखाली एक ओळ वाढलेली.



‘मुर्ख नव्हे, मूर्ख. मू दीर्घ. शिवाय वाक्यातला कर्ता चुकला आहे.’