रविवारची गाडी

ठाकूरद्वारच्या उर्मिलाताईंचं अलिबागजवळच्या एका गावात छोटंसं घर होतं. दर रविवारी परळला एकटी राहणारी त्यांची मुलगी अनुजा गाडी घेऊन यायची आणि भाऊच्या धक्क्यावरून दोघी गाडीसकट बोटीने पलीकडे जायच्या. जेट्टीपासून गावापर्यंत गाडीशिवाय दुसरी सोयच नव्हती. वाटेत अनुजा अखंड बोलायची. ऑफिसातलं, इमारतीतलं, काल बिघडलेल्या भाजीचंसुद्धा. आठवडाभर दमलेली पोर डुलकी लागू नये म्हणून बोलत राहते, असं उर्मिलाताईंना वाटायचं आणि त्यांचा जीव तुटायचा.

म्हणून त्यांनीच गावातल्या शेजाऱ्यांना गोळा केलं आणि त्या ग्रामपंचायतीच्या मागे लागल्या. सुट्टीला येणाऱ्या गाड्यांनी गावाचा रस्ता तसाही तुंबून जायचा. यंदा अखेर जेट्टीवरून गावाला बस सुरू झाली, भाड्याच्या सायकलीही आल्या.

उर्मिलाताईंनी लगेच मुलीला फोन लावला.

"अनू, आता मी बसने जात जाईन गं. तुझी एकुलती एक सुट्टी माझ्यापायी जाते. रविवारी छान झोप काढ."



"बरं झालं, आई," अनुजा म्हणाली. "चढताना जपून चढ."

पुढच्याच महिन्यात अनुजाने गाडी विकून टाकली.



ऑफिसला ती पहिल्यापासून बसनेच जायची. गाडी तिने फक्त रविवारसाठी घेतली होती.