हेमलताकाकूंची मंगलाष्टकं

“ओठ एकीकडे, आवाज एकीकडे! मी काय कठपुतली आहे का रे?” हेमलताकाकूंनी पर्स टेबलावर आपटली. “नीट कर. आजच.”

“तीन दिवस झाले काकू, तेच करून राहिलो न मी!” गौरांगही भडकला. “कॅमेऱ्यात काही गडबड नाही. शंभर वेळा सांगितलं.”

“मग कोणात आहे? माझ्यात?”

गौरांगनं माऊस पुन्हा हातात घेतला.

गढा भागातल्या बाजारात, एका टेलरच्या दुकानावरच्या खोलीत त्याचं एडिटिंग चालायचं. दहावी अर्ध्यात सोडलेली. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही काढणारा हा नवा कॅमेरा बाबांनी एकाच अटीवर घेऊन दिला होता. पहिलं लग्न बिघडलं तर कॅमेरा विकायचा आणि मुकाट्यानं परीक्षेला बसायचं. आणि पहिलं लग्न निघालं ते नेमकं रत्नाकरकाकांच्या पुतणीचं, यशश्रीचं. रत्नाकरकाका म्हणजे बाबांचे फॅक्टरीतले साहेब आणि हेमलताकाकूंचे थोरले दीर.

लग्नाची फिल्म बघून काकांनीच आधी विचारलं होतं, “हेमलता, मंगलाष्टकं म्हणताना तुझे ओठ काहून जुळत नाहीत?”

संध्याकाळी सत्यनारायणाला सगळे नातेवाईक टीव्हीवर फिल्म बघणार होते. चार वाजता काका पेन ड्राइव्ह न्यायला येणार. सव्वातीन झाले होते.

गौरांगच्या डोळ्यांची आग होत होती. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर त्यानं नवीन टाकलं, केबल बदलली, आवाजाची फाइल पुढेमागे सरकवून सरकवून बोटं आखडली. चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला टाळी वाजवतात, ती टाळी अगदी जागेवर होती. भटजींचे ओठ जुळत होते. नवऱ्याच्या मित्रांच्या शिट्ट्यासुद्धा जुळत होत्या. घसरत होत्या त्या फक्त काकू. त्याही एकसारख्या नाही. एका ओळीत ओठ मागे, दुसऱ्या ओळीत पुढे. मशीन चुकलं तर एकाच हिशेबानं चुकतं. हे काही वेगळंच होतं.

“असं करू,” तो थकून म्हणाला. “तुम्ही गाताना मी यशूदीदीचा चेहरा दाखवतो. ओठ दिसलेच नाही तर झगडाच मिटला.”

“नाही. मी दिसली पाहिजे. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“अच्छा, मग इथेच पुन्हा म्हणा. माइक आहे. पाच मिनिटांत बसवून देतो.”

काकूंनी गळ्याला हात लावला. “घसा बसलाय माझा.”

एवढा वेळ भांडताना घसा खणखणीत होता. काय पण हौस, गौरांगच्या मनात आलं. लग्नापासून सगळे म्हणत होते, हेमलता इतकं गोड गाते हे आम्हाला माहीतच नव्हतं. डोक्यात गेलंय बाईच्या.

त्यानं लग्नाचा दिवस पुन्हा आठवून पाहिला. कुठं चुकलो असेन? बाईच्या पदराला बिनतारी माइक तो कसा लावणार? काकूच म्हणाल्या होत्या, “आण इकडे, मी आत जाऊन लावून येते.” आल्या तेव्हा माइक दिसत नव्हता; पदराखाली झाकला असेल, असं त्याला वाटलं. आवाज तर स्पष्ट येत होता, रेकॉर्डरवर आणि मांडवातल्या भोंग्यावरही. बाकी कॅमेरा जिथं लावायला सांगितला, तिथंच त्यानं लावला होता. घराच्या खिडकीकडे मात्र वळवायचा नाही, असं रत्नाकरकाकांनी बजावलं होतं. नवरीची आई कुंदाताई तिथं आत बसली होती. नवरा गेलेल्या बाईनं मांडवात यायचं नाही, हा काकांच्या घरचा कायदा. गौरांगचं टाळकं सरकलं होतं तेव्हा, पण पहिलं काम होतं. कॅमेरा त्यानं वळवला नाही.

शेवटचा उपाय म्हणून त्यानं हेडफोन लावले. माइकची मूळ फाइल उघडली, न कापलेली. मंगलाष्टकं संपली. नेहमी तो इथंच थांबायचा. आज थांबला नाही.

अर्ध्या मिनिटानं त्यानं तोच तुकडा पुन्हा लावला.

“काय झालं रे?” काकूंनी विचारलं.

त्यानं हेडफोन काढले. काकूंकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

जिन्यात चपला वाजल्या. रत्नाकरकाका वेळेच्या आधीच आले.

“क्यों भैया, जुळलं का?”

“नाही, काका.”

“कॅमेरा खराब आहे, का आणखी काही आहे?” बोलले गौरांगशी, पण नजर काकूंवर होती.

काकूंनी पर्स छातीशी धरली.

“माझीच चूक आहे,” गौरांग म्हणाला. “मला कॅमेराच नीट चालवता येत नाही. काकूंचा आवाज मीच बिघडवला.”

“फोनवर तर मोठा अकडून बोलत होता! चलो. तुझ्या बाबांना सांगतो, विकून टाका म्हणून.” काकांनी पेन ड्राइव्ह खिशात टाकला. “चल हेमलता. खाली गाडी काढतो.”

चपला जिना उतरून गेल्या. काकू हलल्या नाहीत.

“काय ऐकलंस तू?”

गौरांगनं हेडफोन त्यांच्या हातात दिले आणि फाइल मागे नेली. स्क्रीनवर अक्षता पडत होत्या, बँड सुरू झाला होता, आणि हेमलताकाकू तोंडभर पेढा घेऊन हसत होत्या. हेडफोनमध्ये बँड कुठंतरी लांब, भिंतीपलीकडे वाजत होता. आणि अगदी जवळ, मंगलाष्टकं म्हणणारा तोच आवाज होता.

“यशू, एकदा वळून बघ न गं. आई खिडकीत उभी आहे तुझी.”

खाली हॉर्न वाजला.

“मला निघायला पाहिजे,” काकू हेडफोन काढून ठेवत म्हणाल्या.