कानबाईच्या पंगतीत

भूपेंद्रनं भिकुबाई अक्काच्या दारात चपला काढल्या आणि तिथंच त्याचा पाय अडखळला. समोर चौरंगावर कानबाई देवी मांडलेली. घर भाऊबंदांनी गजबजलेलं. पंगत बसायच्या बेतात. आज श्रावणातला कानबाईचा रविवार आहे, हे जळगावहून निघताना त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी खान्देशात कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नसतं. कानबाईचा रोट, म्हणजे तिच्या प्रसादाची जाड पोळी, फक्त घरच्यांनी खायचा. घरातल्या एकेकाच्या नावानं मूठ टाकून गहू काढायचे, दळायचे, आणि परक्याला त्यातला घासही द्यायचा नाही. सासरी गेलेली लेकसुद्धा परकी, मग तिचा मुलगा कोण लागून गेला! भूपेंद्रला हे कुणी सांगायची गरज नव्हती. आईवडील गेल्यावर तो पहूरला मामाकडे वाढला. मामा जीव लावायचा, पण कानबाईला मामी त्याचं ताट शेजारच्या ओसरीवर नेऊन ठेवायची. वरणभातावर तूपही भरपूर असायचं. तो मात्र ताट तसंच ठेवून उठायचा. पुढे मोठा झाल्यावर कानबाई आली की तो काहीतरी काम काढून गावच सोडायचा. यंदा धावपळीत विसरला.

विशीत तो चाळीसगावला आला. भिकुबाई अक्काची गच्ची भाड्यानं घेऊन त्यानं वर डिश अँटेना बसवली आणि गल्लीला केबल जोडून दिली. मग केबलवर गावच्या बातम्या, पोरांचे वाढदिवस, रावेरच्या केळीचे भाव. मग अख्ख्या खान्देशाची वाहिनी. ती पुढे मुंबईच्या कंपनीनं चांगल्या बोलीनं विकत घेतली. आता भूपेंद्रशेठ नव्या पोरांच्या धंद्यात पैसा घालायचा आणि मिळालेल्यातलं बरंचसं आपल्या ट्रस्टमधून वाटायचा. शाळांना संगणक, दवाखान्यांना यंत्रं. त्याच्या हातून घ्यायला लोक रांगा लावायचे.

एकटी अक्का तेवढी हात पुढे करेना. त्याच गच्चीवर आता तिच्याकडच्या बायका खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या. पोळ्या पुण्या-मुंबईला जायच्या. धंदा झकास, पण वर तापलेला पत्रा आणि खाली पेटलेल्या चुली. बायका भाजून निघायच्या. तिथं पक्की खोली आणि धुराडं हवं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. भूपेंद्र पहिल्यांदा आला तो गुंतवणूकदार होऊन. लॅपटॉप उघडून त्यानं समजावलं, मी पैसा घालतो, बदल्यात मला धंद्यात एवढा हिस्सा. अक्का म्हणाली, "चहा पी." दुसऱ्यांदा तो दानशूर होऊन आला. सोबत फोटोग्राफर आणि थर्माकोलचा चेक. चेक एवढा दांडगा, की दारातून तिरपा करून आत घ्यावा लागला. अक्कानं तो नीट निरखला, फोटोग्राफरला पोटभर पोळी खाऊ घातली आणि दोघांनाही वाटेला लावलं. जाताना चेक पुन्हा तिरपा करावा लागला.

भूपेंद्रनं ते हसण्यावारी नेलं, पण मनाला लागलंच. ज्यांना ओळखतही नाही ते घेतात, आणि जिला द्यावं म्हणून जीव तुटतो ती घेत नाही. आपण अक्काचे भाडेकरू होतो आणि भाडेकरूच राहिलो, असं त्याच्या मनानं घेतलं. आज धुळ्याला सत्कारासाठी जाता जाता त्यानं गाडी इकडे वळवली ती सोक्षमोक्ष लावायलाच. सरळ विचारायचं होतं, अक्का, माझं चुकलं काय?

आणि नेमका हा दिवस गाठला! कुणाचं लक्ष नाहीसं बघून त्यानं हळूच चपलांत पाय घातले.

"कथा चालना रे भूपेंद्र?" तो निघालेला बघून अक्कानं हटकलं.

"अक्का, आज कानबाई. तुमचं घरचं होऊ दे, मी मागून येतो."

"घरनंच चाली राहिनं. बठ खाले."

तो पंगतीच्या टोकाला बसला. आपल्यापुरता वरणभात येईल, असं त्यानं धरलं होतं. अक्कानं त्याच्या ताटात रोट वाढला. पंगतीतलं कुणीही चमकलं नाही. चमकला तो एकटा भूपेंद्र.

"अक्का, हा रोट..."

"तुनाच शे. गच्चीवर डिश लावी ना तू, तवयपासून तुना नावनी मूठ दरसाल टाकस मी. घरना माणूसले काय आवतन देवो? तू येस नही, मंग तुना वाटाना हाऊ कौतिक खास. दख तेनं पोट!"

अक्काचा मुलगा कौतिक पोटावरून हात फिरवत हसला. सगळी पंगत हसली. भूपेंद्रलाही हसायचं होतं, पण येत होतं ते रडू. पन्नाशीच्या माणसानं भर पंगतीत रडायचं म्हणजे पंचाईतच. त्यानं मान खाली घालून तुकडा मोडला. वाहिनी विकली त्या दिवशीही त्याला इतका आनंद झाला नव्हता.

दोन घास पोटात गेल्यावर त्याला धीर आला. "मग अक्का, माझा पैसा का चालला नाही तुला? दोनदा परत पाठवलंस मला."

आमटी वाढता वाढता अक्का थांबली.

"हिस्सा मांगस तो परका. दान देस तो बी परका. घरना पोऱ्या सरळ मिस्तरी लई येस." तिनं पळीनंच वर गच्चीकडे दाखवलं. "तीन साल हुई गयात वाट दखी दखी. तुना मिस्तरी पायी ई राहिना का?"