मनोरा पाडल्यानंतरचं रीडिंग

रेडिओचा जुना मनोरा आयटी पार्कसाठी पाडायचा ठरला, तेव्हापासून श्रीनिवास लेल्यांचं डोकं फिरलेलंच होतं. त्यात सिग्नल पूर्ण गेल्याची नोंद करायला भर दुपारी वारज्याच्या माळावर मीटर घेऊन त्यांनाच पाठवलं. काटा शून्यावर हवा होता. तो वर होता.

त्यांनी केंद्रात फोन लावला. “मंदाकिनीबाई, ट्रान्समीटर चालू ठेवून मला उन्हात कशाला तळताय?”

“अहो लेले, मनोरा सकाळीच पाडला. तुकडे समोर पडलेत माझ्या.”

मनोऱ्याच्या जवळ जावं तसा काटा चढतो, एवढंच लेल्यांनी तीस वर्षं मोजलं होतं.

“कोण खोटं बोलतंय ते कळेपर्यंत मी इथून हलणार नाही,” ते म्हणाले, आणि खरंच हलले नाहीत.

काटा सावकाश चढू लागला.