सहावा हिस्सा

रूपरावांची सहा वर्षांची नलू चावडीसमोरच्या सभेतून वाट काढीत पुढे आली. कडेवरचा दोन महिन्यांचा भाऊ तिने सतरंजीवर, दानपत्रांच्या गठ्ठ्यावर, ठेवला आणि म्हणाली, "हा लिहून घ्या."

भूदानाचे कार्यकर्ते प्रभाकरराव सकाळीच वर्ध्याहून आंजीला आले होते आणि दोन तास बोलले होते. ज्याच्यापाशी अधिक आहे त्याने भूमिहीनांसाठी सहावा हिस्सा काढून द्यावा, हे त्यांनी तीन दृष्टान्तांनी सिद्ध केले होते. गावाने माना डोलावल्या होत्या. प्रत्यक्षात मात्र एकच दानपत्र भरले गेले होते. त्यान्वये चंद्रभान पाटलांनी नाल्यापलीकडची दोन एकर बरड दिली होती. त्या जमिनीत गोट्यांवाचून काही उगवल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते.

"काय लिहून घेऊ, बाळ?"

"हाच. आमच्या घरी जास्तीचा हाय."

सभा हसली. आपल्यापर्यंत कागद पोचू नये अशा बेताने खांबाआड बसलेले रूपराव आणखी थोडे आड सरकले.

प्रभाकरराव हसले नाहीत. प्रश्न कोणाचाही असो, त्याचा निकाल रीतसर लावायचा, असा त्यांचा नेम होता.

"दान चांगल्या वस्तूचे करावे. हा कसा आहे?"

नलूने प्रामाणिकपणे विचार केला. "दात नाई. बोलता येत नाई. रडते. माह्या जाग्यावर झोपते."

"तुझी जागा कोणती?"

"मायच्या बाजूची. आता मले बाबाच्या बाजेवर टाकलं, पायथ्याशी. बाबा लाथा मारते."

सबंध सभेने वळून रूपरावांकडे पाहिले. खांबाचा उपयोग तेथे संपला.

"पोरीनं मालातली खोट तं सांगतली बाप्पा," मजुरी करून पोट भरणारा तानबा शेजाऱ्याला म्हणाला. पण पाटलांना ऐकू जाईल इतक्या बेताच्या हलक्या आवाजात.

"आता दुसरी अट," प्रभाकरराव म्हणाले. "जे आपले नाही, त्याचे दान होत नाही. हा कोणाचा?"

"मायचा."

"मग तुला देता येणार नाही."

नलू प्रथमच अडली. तिने भावाकडे पाहिले, मग प्रभाकररावांकडे. "मायचा हाय, बाबाचा हाय, मंग माहा काऊन नाई? आला तं माह्याच घरी."

हा युक्तिवाद प्रभाकररावांना विचारात घेण्याजोगा वाटला. त्यांनी गठ्ठ्याच्या टोकाचा एक कागद अलगद ओढून घेतला, त्यावर एकच ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचली: "हा भाऊ माझा आहे." मग शाईची गादी पुढे केली. "हे मान्य असेल तर अंगठा कर. त्यानंतर तुझी वस्तू. हवी त्याला दे."

नलूने अंगठा गादीत रुतवला आणि कागदावर उमटवला. तो जराही हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"बोल, कोणाला द्यायचा?"

"मले द्या," तानबा उठला. "मले वावर नाई अन् पोरगाही नाई. दोन्हीतलं एक तं भेटन." त्याने मूल उचलले. खालचा, भरलेला तेवढा एकच कागद ओलाचिंब झाला होता. तानबाने तो निरखून पाहिला. "चला, पाटलाच्या बरडीले पयल्यांदा पानी लागलं."

पाटीलसुद्धा हसले. नलू हसली नाही. तानबा मूल घेऊन खरोखरच निघाला होता. मूल रडत नव्हते. त्याने तानबाची मिशी मुठीत धरली होती आणि दुपट्यातून त्याचा एक पाय बाहेर लोंबत होता. तानबा वाटेवरच्या निंबापर्यंत गेला. निंबापुढे गेला.

"ओ तानबाकाका."

तानबा थांबला नाही. नलू धावली आणि तिने तो लोंबता पाय घट्ट पकडला. "सारा नाई," ती धापा टाकीत म्हणाली. "सहावा हिस्साच देनं हाय."

मग प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला. "अगदी बरोबर. दोन तासांत या गावात ही गोष्ट तुला एकटीला समजली. कोणता हिस्सा देतेस?"

नलूने पाय न सोडता भावाला डोक्यापासून खालपर्यंत न्याहाळले. हातांवर तिची नजर थांबली, मुठींवर थांबली, कानांवर थांबली, आणि पुढे गेली.

"रडनं," ती शेवटी म्हणाली. "रडनं घेऊन जा."

"रडनं माह्या घरी लय हाय माय," तानबा म्हणाला. "तीन पोरी हायेत."

तेवढ्यात कणकेच्या हातांनी नलूची माय मनकर्णाबाई धावत आल्या. पाळण्यात पोर नाही आणि अंगणात पोरगी नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्यांनी मूल तानबाच्या हातून ओढून घेतले, उलटेसुलटे करून पाहिले. पोटरीवर निळा डाग होता.

"हे काय लावलं व माह्या लेकराले?" त्यांनी पदराचे टोक जिभेला लावले आणि डाग घासू लागल्या.

नलूने त्यांचा हात धरला.

"पुसू नको, माय. अंगठा हाय माहा."