अठ्ठेचाळिसावा भाग

सत्तेचाळिसाव्या भागात अकरा मिनिटं चार सेकंदांवर वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी होती. ज्ञानेशने ती तीनदा ऐकली, चेकशीटवर खूण केली आणि भाग रिजेक्ट केला.

"अर्धीच आहे शिट्टी," दीपमाला म्हणाली. ती त्याची बायको. कॅमेरा तिच्याकडे, एडिटिंगही तिच्याकडेच.

"अर्धा दोष असं काही नसतं," ज्ञानेश म्हणाला.

तो चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे पार्ट तपासायचा. फायनल इन्स्पेक्शन. त्याच्या टेबलावरून गेलेला पार्ट नऊ वर्षांत एकदाही परत आला नव्हता, आणि ही गोष्ट तो दीपमालाला बघायला गेला तेव्हा पोह्यांच्या आधी सांगून मोकळा झाला होता. 'खटका' हे चॅनेल त्याने काळेवाडीच्या फ्लॅटमध्ये त्याच शिस्तीत सुरू केलं. घरातल्या माणसाला कळेल असं तंत्रज्ञान, मराठीतून. व्हिडिओ, पॉडकास्ट आणि ब्लॉग, तिन्ही. जाहिराती घ्यायच्या नाहीत, कंपन्यांचे फुकटचे फोन घ्यायचे नाहीत, सगळं प्रेक्षकांच्या वर्गणीवर. नियम एकच होता. अठ्ठावीस मुद्द्यांची चेकशीट पूर्ण ओके झाल्याशिवाय भाग बाहेर जाणार नाही.

अजून एकही गेला नव्हता.

बाराव्या भागात शर्टाची डावी कॉलर उजवीपेक्षा वर होती. एकतिसाव्यात खिडकीत कावळा येऊन बसला आणि वायफायचा विषय संपेपर्यंत उठलाच नाही.

माल अडवला की ग्राहकाला कारण कळवायचं, ही कंपनीतली पद्धत. त्यामुळे दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला ज्ञानेश कळवायचा. ब्लॉगवर रिजेक्शन रिपोर्ट, व्हिडिओत दोषाभोवती लाल गोल, आणि पॉडकास्टवर चाळीस मिनिटं सविस्तर दिलगिरी. दोष कुठे होता, का आला, कोणाच्या हलगर्जीपणामुळे आला. बहुतेक वेळा तो दीपमालाच्या हलगर्जीपणामुळे आलेला असायचा.

तरीही चारशे बारा माणसं दर महिन्याला वर्गणी भरत होती.

"अहो, हे लोक पैसे भरतात तरी कशाचे?" दीपमालाने एकदा विचारलं होतं.

"विश्वासाचे," ज्ञानेश म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पहिले वर्गणीदार आकुर्डीचे हिंदुरावकाका, एका कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले. दर आठवड्याला त्यांचा मेसेज यायचा: 'शुक्रवारची वाट बघतोय.' सत्तरीतला माणूस. वाट बघून बघून किती बघणार.

शिट्टीचा रिपोर्ट गेला आणि ज्ञानेशने ठरवून टाकलं. पुढच्या शुक्रवारी अठ्ठेचाळिसावा भाग जाणार. नाही गेला, तर चॅनेल बंद, चारशे बारा जणांची हात जोडून माफी, आणि परत ओव्हरटाइम.

विषय घेतला: चार्जिंगला लावलेला फोन गरम का होतो. कंपनीत तीन दिवसांची रजा टाकली. वरच्या मंजुळाबाईंकडे जाऊन कुकरचं वेळापत्रक मागितलं. त्या म्हणाल्या, वेळापत्रक वगैरे काही नाही, भूक लागली की लावते. शेवटी तीन दिवस त्यांनी पिठलं-भाकरीवर काढायचं ठरलं. खिडकीला गोधडी लावली. कॉलरचा प्रश्न मिटवायला ज्ञानेशने बिनकॉलरचा टी-शर्ट घातला. इतक्या महिन्यांत हे आपल्याला का सुचलं नाही, याचं कारण त्याने अर्धा तास शोधलं.

बुधवारी पंखा आवाज करत होता. पंखा बंद केला तर घाम दिसत होता. गुरुवारी दीपमालाने टेबलाखाली बर्फाचं घमेलं ठेवलं, ज्ञानेशने त्यात पाय सोडले आणि एका दमात बावीस मिनिटं बोलला.

शुक्रवारी सकाळपासून तो अठ्ठावीस मुद्दे तपासत होता. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दीपमालाने तपासले, कारण स्वतःचा माल स्वतः पास करायचा नसतो. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस ओके. सही त्याने दोनदा केली. दोन सह्यांचा मुद्दा चेकशीटवर नव्हता.

सहा वाजता भाग गेला. रिपोर्ट गेला नाही, कळवण्यासारखं काही नव्हतंच. दीपमालाने शिरा केला.

साडेसहाला पहिली वर्गणी बंद झाली. सातपर्यंत साठ. शनिवारी दुपारी चारशे बारांपैकी एकोणनव्वद उरले होते, आणि त्यातले बरेच बहुधा झोपले असावेत. ज्ञानेशने भाग पुन्हा काढून बघितला. दोष सापडेना. त्याला याचीच जास्त भीती वाटली.

वर्गणी बंद केलेल्यांत हिंदुरावकाकाही होते. त्याने त्यांना फोन लावला. "काका, भाग बघितला का?"

"बघितला की. झ्याक झालाय. फोन का तापतो ते कळलं."

"मग वर्गणी बंद केलीत ती?"

काका म्हणाले, "आरं, आमी कंपनीतले जुने धा-बारा जण बसतो दर शुक्रवारी. चहा ठेवायचा आन तुझी दिलगिरी लावायची. चाळीस वर्सं आमचाच माल रिजेक्ट व्हायचा. दुसऱ्याचा झालेला पयल्यांदा ऐकत हुतो. काल सगळे येऊन बसले, तर कायच न्हाई. एक फोन तापलेला, बास."

ज्ञानेशने फोन ठेवला. मग दीपमालाला माइक लावायला सांगितला, अठ्ठेचाळिसावा भाग खाली उतरवला आणि कोरा रिपोर्ट उघडला. दोषाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'एकही नाही.' निकालाच्या रकान्यात लिहिलं, 'रिजेक्ट.'