रेशमी दोऱ्यातला फ्लॉवर

भर उन्हाळ्यात, गच्चीवरच्या कुंडीत, हायब्रीड बियाण्यातून फ्लॉवरचा एकुलता एक गड्डा धरला, तेव्हापासून शिंपीकाकांचे पाय जमिनीवर नव्हते. उन्हाने तो पिवळा पडू नये म्हणून त्यांनी पानं वर ओढून रेशमी दोऱ्याने बांधली आणि घरात बजावलं, "आठ दिवस कुणी हात लावायचा नाही."

रविवारी अख्खी बिल्डिंग गच्चीवर जमली. काकांनी ऐटीत कात्री चालवली, पानं बाजूला सारली. आत नुसता कापलेला देठ.

 

काकू शांतपणे म्हणाल्या, "बुधवारी तुमची बहीण न सांगता जेवायला आली, घरात दुसरी भाजी नव्हती, म्हणून गड्डा काढून पानं पुन्हा तशीच बांधली. आणि 'बाजारच्या फ्लॉवरला काय चव,' म्हणून तीच भाजी खाताना नाक कोण मुरडत होतं?"